आधी घोडा, मग सायकल

डिसेंबरातला रविवार, दुपारचे तीन. घोडे धुवायच्या फरशीवर साठी ओलांडलेली एक बाई अर्ध्या चड्डीत उभी आहे आणि रबरी नळीनं स्वतःच्या पोटऱ्यांवर गार पाणी सोडते आहे. कोपरापर्यंत चिखल, केसांत चिखल, हसली तर दातांतसुद्धा चिखल. शेजारी तिची सायकल धुऊन-पुसून भिंतीला टेकवलेली. पलीकडं घोडे चंदी खाताहेत. घोड्यांचं झालं, सायकलचं झालं, आता तिचा नंबर.

"आधी घोडा, मग सायकल, मग माणूस," असं ती म्हणायची. माणूस म्हणजे ती स्वतः.

घरात गरम पाण्याची सगळी सोय होती. पहिल्या वर्षी मी विचारलं, आत जाऊन आंघोळ का करत नाहीस? तर म्हणाली, "शर्यत झाल्यावर तू घोड्याच्या पायांवर गरम पाणी घालतोस का?"

मी म्हटलं, "नाही. पण घोडा तुझ्यापेक्षा शहाणा. तो लगेच अंगावर झूल घालून घेतो."

हे तिला फार आवडलं. पुढच्या रविवारपासून पाय धुऊन झाले की ती एका घोड्याची जुनी झूल खांद्यावर घ्यायची, पट्टा कमरेला बांधायची आणि तशीच गावातल्या दुकानात दूध आणायला जायची. दुकानातल्या लोकांना त्याचं काही वाटत नसे. ते फक्त विचारायचे, "आज कितवी?" आणि ती सांगायची, "शेवटून दुसरी. मागं अजून एकजण होता, त्याची साखळी तुटली."

या बाईकडं मी सतरा वर्षं काम केलं. लायडन या डच शहराच्या मागं, कालव्याच्या कडेला तिचा तबेला होता. तिचं नाव इथं लिहीत नाही. तिला विचारल्याशिवाय लिहिणं बरोबर नाही, आणि आता विचारायची सोय मी ठेवलेली नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे. मी सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा. बापही सईसच. पुण्याच्या रेसकोर्सवर वाढलो, चौथीपर्यंत शाळा केली, पुढचं घोड्यांनी शिकवलं. एका मालकानं त्याचे घोडे इकडं आणले, त्यांच्याबरोबर मीही आलो. घोडे विकले गेले, मी राहिलो. आता गणपतीत अ‍ॅमस्टेलव्हीनला मराठी लोकांत गेलं की कंप्युटरवाली मुलं पाया पडतात आणि विचारतात, "काका, तुम्ही कुठल्या कंपनीत होता?" मी सांगतो, तबेल्यात. मग एखादी मुलगी म्हणते, "हाऊ नाइस." मी मान खाली घालत नाही. घोड्याच्या पायातलं मला कळत होतं म्हणजे कळत होतं. त्यांच्या कंपनीतल्या किती जणांना त्यांच्या कामातलं तेवढं कळतं, ते त्यांचं त्यांनी बघावं.

बाई मला 'मेनेर' म्हणायची, म्हणजे आपल्याकडचं साहेब. मी तिला 'मेव्ह्राउ' म्हणायचो, म्हणजे बाईसाहेब. आणि एवढं मानानं बोलावून झालं की पुढचं सगळं अरेतुरे.

ती माणसांना घोड्यांच्या मापानं मोजायची. नवा टपालवाला आला तर म्हणायची, पाठ लांब आहे, लवकर थकेल. माझी बायको पहिल्यांदा तबेल्यावर आली तेव्हा बाईनं तिला दारातच वरून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, "चांगली आहे. डोळा शांत, कान जागे. विनाकारण लाथ मारणार नाही."

मी बायकोला जसंच्या तसं मराठीत सांगितलं. बायको म्हणाली, "विनाकारण नाहीच मारत म्हणावं. कारण तुम्ही रोज पुरवता."

मी तेही जसंच्या तसं डचमध्ये सांगितलं. त्या दिवसापासून त्या दोघींचं जमलं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती तरी गाजरं सोलत तासतासभर बसायच्या.

आता ती सायकलची शर्यत काय असते ते सांगतो. इथं तिला सायक्लोक्रॉस म्हणतात. हिवाळ्यात दर रविवारी कुठल्यातरी गावाच्या कडेला, कुरणातून, वाळूतून, झाडांमधून फिती बांधून वाट आखतात. त्या वाटेवर मुद्दाम फळ्या आडव्या लावतात, मुद्दाम चढ घेतात. सायकल चालेल अशी जागा थोडी, न चालेल अशीच जास्त. जिथं चालत नाही तिथं सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला म्हटलं, "घोडा माणसाला वाहतो हे समजलं. माणसानं सायकलला वाहायचं, हे कशासाठी?"

ती म्हणाली, "सहा वर्षांची होते तेव्हापासून दुसऱ्याच्या पाठीवर बसते आहे. आठवड्यातून एक दिवस ओझं मी उचलते."

मोठ्या शर्यती तिनं कधी केल्या नाहीत. आसपासच्या गावांतल्या क्लबांच्या, चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या लोकांच्या, तेवढ्याच. सगळे तिला ओळखायचे. ती शनिवारी दिवसभर कोणाशी बोलायची नाही. शर्यतीच्या घोड्याला आदल्या दिवशी त्रास देत नाहीत, म्हणून. रविवारी सकाळी पोटऱ्यांना घोड्यांच्या पायांना बांधायच्या पट्ट्या बांधायची, दोन्ही सायकली घोडे न्यायच्या गाडीत चढवायची आणि आम्ही निघायचो. सगळ्यांच्या सायकली स्वच्छ मोटारींच्या टपावर. आमच्या सायकली गवत आणि लिदीच्या वासात.

दोन सायकली का, तर तिथंच माझं काम. अर्ध्या फेरीत चाकांत इतका चिखल बसतो की चाक फिरत नाही. वाटेत एक जागा आखलेली असते. तिथं आपला माणूस धुतलेली सायकल घेऊन उभा राहतो. स्वार येतो, मळकी टाकतो, धुतलेली घेतो, जातो. मग त्या माणसानं मळकी धुऊन ठेवायची, तोवर स्वार परत हजर. मी दोन मिनिटांत समजलो की हे काम सईसाचं आहे. घोड्यावर डावीकडूनच चढतात आणि सायकलवरही ती डावीकडूनच उडी मारायची. सईस जॉकीच्या मुठीत लगाम पक्का बसल्याशिवाय हात सोडत नाही. इतरांचे मदतनीस घाई करायचे, सायकल आडवी व्हायची, शिव्या व्हायच्या. आमची एकदाही पडली नाही. एकदा एका गृहस्थानं विचारलं, "तुझा हा माणूस कुठल्या सायकलच्या संघातून आणलास?" ती चिखलातून ओरडून म्हणाली, "घोड्यांच्या." त्या दिवशी मळकी सायकल मी दोनदा धुतली. अभिमानानं.

पण माझं खरं काम सकाळचं. पाय बघणं.

घोड्याचा सगळा पैसा, सगळी ताकद, सगळं आयुष्य गुडघ्याखालच्या मागच्या शिरेत असतं. रोज सकाळी, चंदीच्या आधी, ती शीर अंगठा आणि दोन बोटांत हलकेच धरायची आणि हात खाली खुरापर्यंत न्यायचा. मग दुसरा पाय. दोन्ही सारखेच गार, तर घोडा ठीक. एकाला जरा ऊब, तर आत काहीतरी बिघडलं. सूज दोन दिवसांनी दिसते, लंगडणं चार दिवसांनी. तोवर उशीर झालेला असतो. बाईलाही हे येत होतं. तिचा बाप शेतातले जड घोडे पाळायचा, त्यानं शिकवलं होतं. तिचा हात चांगला होता. माझा जास्त चांगला, हे ती स्वतःच म्हणायची.

रोज सकाळी ती सायकलींच्या खोलीतून ओरडायची, "पाय?" हा एक मराठी शब्द ती शिकली होती. मी ओरडायचो, "थंड." हा दुसरा. बस्स, तबेला सुरू.

एका वर्षी एका घोडीच्या पायाला मला ऊब लागली. घोड्यांचा डॉक्टर आला, त्यानं यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाला, काही नाही, चालवा. बाई म्हणाली, "मेनेर काय म्हणतो?" मी म्हटलं, गरम. ती डॉक्टरला म्हणाली, "मग नाही चालवणार." तिसऱ्या दिवशी तो पाय मडक्यासारखा सुजला. त्यानंतर नवा डॉक्टर आला की बाई माझा हात धरून वर करायची आणि त्याला दाखवायची. "आधी हे. मग तुझं यंत्र." मी हात मागं घ्यायचो, पण फार जोरानं नाही.

माणसाला कशाचा तरी ताठा असतो. माझा सगळा या तीन बोटांत होता.

साखर मला बरीच वर्षं आहे. आधी तळपाय बधिर झाले. घोड्यांत राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, बूट जाड असतात. मग एक दिवस बायको पोळ्या करताना मी तव्याची कड धरून तवा बाजूला सरकवला. ती किंचाळली. मी म्हटलं, काय झालं? माझ्या बोटांची कातडी पांढरी पडली होती आणि मला पत्ता नव्हता. हाउसआर्ट्सकडं, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडं गेलो. त्यानं मला डोळे मिटायला लावले आणि बोटांना कशानं तरी टोचत राहिला. "आता कळलं? आता?" मी अंदाजानं हो म्हणत होतो. तो म्हणाला, तुम्ही हो म्हणालात तेव्हा मी टोचतच नव्हतो.

घरी येताना बायको म्हणाली, "बाईंना सांगा."

"काय सांगायचं?"

"बोटांचं."

"तवा वेगळा, घोडा वेगळा. पन्नास वर्षांचा हात आहे."

"तेच म्हणते मी. जुना झाला तो."

मी बाईला सांगितलं नाही. वर्षभर बोललो नाही. पाय बघायचो, पण बोटांनी नाही. डोळ्यांनी बघायचो, घोडा पाय कसा टेकतो, धरल्यावर मागं ओढतो का ते बघायचो. आणि एकटा असलो की खाली बसून शिरेला गाल लावायचो. गालाला कळतं. असं करून बाईला रोज सकाळी उत्तर द्यायचो, आणि वर्षभर एकदाही चुकलो नाही. त्यामुळं मला वाटायला लागलं की मी चुकणारच नाही.

बाईचा स्वतःचा घोडा होता, बदामी रंगाचा. डच नाव माझ्या जिभेला यायचं नाही, म्हणून मी त्याला भुऱ्या म्हणायचो आणि शेवटी सगळेच त्याला तसं म्हणायला लागले. चौदा वर्षांचा. बाकी घोडे कामाचे, हा तिचा. त्याच्या डाव्या पुढच्या पायाला थोडं दुखलं होतं, दीड महिना उभा ठेवला, मग हळूहळू चालवला. डॉक्टर म्हणाला, आता पळवा, पण रोज सकाळी पाय बघून.

जानेवारीतला सोमवार. आदल्या दिवशीच्या शर्यतीत बाईच्या मागं चार माणसं आली होती. चारही जणांच्या साखळ्या शाबूत. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. ती सकाळी सातलाच शीळ घालत आली. म्हणाली, आज भुऱ्याला समुद्रावर नेते. हिवाळ्यात काटवाइकच्या वाळूवर घोडे पळवता येतात.

ती वाकली, तिनं डावा पाय धरला, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून राहिली. मग उभी राहून मला म्हणाली, "मेनेर. पाय?"

मी वाकलो. शीर बोटांत धरली. मला काही लागलं नाही. गार नाही, गरम नाही. लाकडाची फळी धरावी तसं. मी खाली बसून गाल लावू शकलो असतो. पण ती दोन हातांवर उभी होती. गाल लावला असता तर तिनं विचारलं असतं, बोटांना काय झालं? मी दुसरा पाय धरला. तीच फळी. भुऱ्या शांत उभा होता. त्यानं पाय ओढला नाही. चांगला घोडा होता, माझ्या हाताला कधी नाही म्हणायचा नाही.

मी म्हटलं, "थंड."

दहा वाजता तिचा फोन आला. शेजारच्या शेतकऱ्यानं मला त्याच्या गाडीतून नेलं. भुऱ्या वाळूवर तीन पायांवर उभा होता आणि चौथ्याचं खूर वर उचललं गेलं होतं, शीर तुटली की होतं तसं. ज्यानं पाहिलं आहे त्याला विचारावं लागत नाही. डॉक्टर आला. मी भुऱ्याचं डोकं धरलं. बाईनं लगाम स्वतः काढला, तो खांद्यावर टाकला आणि भुऱ्याच्या कानात काहीतरी बोलत राहिली. डॉक्टरची शेवटची सुई टोचून झाल्यावरही बोलत होती.

तबेल्यावर परत आल्यावर मी चंदीची बादली धूत होतो. ती लगामाची लोखंडी कडी धूत होती. म्हणाली, "सकाळी माझ्या हाताला ऊब लागली होती."

मी बादली धूत राहिलो.

"मला वाटलं, कालच्या चिखलात माझे हात गारठलेत, गारठलेल्या हाताला सगळंच गरम लागतं. आणि तू थंड म्हणालास. म्हणजे माझाच हात खोटा." मग म्हणाली, "कधीकधी दोन हातांनाही कळत नाही, मेनेर. तुझा दोष नाही."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. तिचा हात खरा होता. माझा खोटा होता, वर्षभर खोटा होता. एवढंच. मी बादली पालथी घातली आणि घरी आलो.

"सांगितलंत?" बायकोनं विचारलं.

"तिनं स्वतःच दोष नाही म्हटलं."

"कारण तिला माहीत नाही. तव्यानं तुमचंच बोट भाजलं होतं. आता कोणाचं भाजलं ते बघा."

मी जेवलो नाही त्या दिवशी. पण न जेवण्यानं काही होत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्यानंतर बाईनं पाय बघणं सोडलं. आधी माझ्या लक्षात आलं नाही. सकाळी सायकलींच्या खोलीतून हाक येईना. मग दिसलं, घोड्याजवळ जायची, मानेवर थोपटायची, पण गुडघ्याखाली हात न्यायची नाही. जरा कुठं शंका आली की डॉक्टरला फोन. डॉक्टरही वैतागला. एक उष्णता मोजायचं यंत्र आणलं, ते आकडा दाखवायचं आणि तिला तो आकडाही खरा वाटायचा नाही. घोडे सांभाळायला ठेवणारे लोक एकेक करून जायला लागले. घोड्यांना कळतं, माणसाच्या हातात भरवसा नसला की. लोकांनाही कळतं, जरा उशिरा.

"हात गेला माझा," ती बायकोला म्हणाली. बायकोला तेवढं डच कळलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

दोन वर्षांत तिनं कामाचे सगळे घोडे विकले. कुरणात शेजाऱ्याच्या मेंढ्या आल्या. मला म्हणाली, "रविवारी येशील ना? सायकलच्या पायाला ऊब येत नाही." मी जात राहिलो. ती पूर्वीपेक्षा जास्त शर्यती करायला लागली, दर रविवारी, कधी शनिवारीसुद्धा. शनिवारी गप्प राहणंही सोडलं. सायकल धुऊन झाली की आत जाऊन गरम पाण्यानं आंघोळ करायची. लोकांना वाटलं, बाई म्हातारपणी शहाणी झाली.

मग तो नोव्हेंबरातला रविवार. शर्यतीच्या मैदानावर आम्ही सायकली उतरवत होतो. तिच्या ओळखीचा एक शेतकरी आला. त्याच्या तट्टाचा पाय बिघडला होता. म्हणाला, "परतीच्या वाटेवर जरा हात लावून बघतेस का?"

ती म्हणाली, "मी पायाला हात लावत नाही. डॉक्टरला बोलाव."

"तू? तू हात लावत नाहीस?"

"मला कळत नाही," ती म्हणाली आणि चाकात हवा भरायला लागली.

तो माणूस माझ्याकडं बघून हसला, चेष्टा समजून. मी हसलो नाही. माझ्यासमोर तिनं हे पहिल्यांदाच परक्या माणसाला सांगितलं होतं. मी घोड्याच्या पायावरून साहेबांशी भांडलेला माणूस आहे, मालकाशी भांडलेला माणूस आहे, खरं बोलायला कधी कोणाला भ्यायलो नाही असं सगळ्यांना सांगत आलेला माणूस आहे. आणि ही बाई माझं खोटं स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरत होती.

शर्यत सुरू झाली. पहिल्या वेळी ती आली तेव्हा मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मागच्या चाकात गवत अडकलंय." दुसऱ्या वेळी नुसती सायकल पुढं केली. तिसऱ्या वेळी ती आली, मळकी सायकल टाकली, धुतलेलीच्या दांडीवर हात ठेवला. मी सीट सोडली नाही.

"सोड," ती म्हणाली.

"त्या दिवशी तुझा हात खरा होता," मी म्हटलं. "माझ्या बोटांना कळतच नव्हतं. साखरेनं बधिर झालीत. आजही काही कळत नाही."

मागून दोघं-तिघं स्वार निघून गेले. तिच्या नाकातून वाफ येत होती.

"कधीपासून?"

"भुऱ्याच्या आधी वर्षभर."

"आणि तू थंड म्हणालास."

"म्हणालो."

तिनं दांडीवरचा हात काढला. खाली पडलेली मळकी सायकल उचलली, खांद्यावर घेतली आणि पळत गेली. धुतलेली माझ्या हातातच राहिली.

पुढच्या वेळी मी तयार होतो. ती आली, पण माझ्या बाजूच्या वाटेला वळलीच नाही. सरळ गेली. चाकं फिरत नव्हती, तिनं वाळूचा सगळा पट्टा पळत काढला, चढ पळत काढला. प्रत्येक वेळी मी सायकल पुढं धरायचो आणि प्रत्येक वेळी ती पलीकडून जायची. शेजारचा मदतनीस म्हणाला, "तिला दिसत नाहीस का तू?" मी म्हटलं, दिसतो. ती सगळ्यात शेवटी आली, बरीच मागून. मी तोवर सायकल धरून उभा होतो. सईसाला दुसरं काय येतं?

येताना गाडी तिनंच चालवली. रेडिओ लावला नाही. माझ्या घरासमोर गाडी थांबवली तेव्हा स्टिअरिंगवरचे हात तसेच ठेवून म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस तर मी घोडे विकले नसते."

"ठाऊक आहे," मी म्हटलं.

"ठाऊक होतं?"

"होतं."

ती म्हणाली, "मग उतर, मेनेर."

पुढच्या रविवारी ती मला न्यायला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. या गोष्टीला आता तीन हिवाळे झाले. बायको अधूनमधून तिच्याकडं जाते, मी तिला अडवत नाही. तिनंच मला सांगितलं. बाई त्या शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी त्या शेतकऱ्याकडं गेली, तट्टाचा पाय धरला आणि सांगितलं, गरम आहे, उभा ठेव. डॉक्टरनंही नंतर तेच सांगितलं. आता आसपासचे लोक तिला पाय बघायला बोलावतात. ती सायकलनं जाते.

"बरं झालं ना?" बायको म्हणाली. "हात परत आला तिचा."

बरं झालं. मी तसंच म्हटलं, आणि मला तसंच वाटतं. पण नवे घोडे घ्यायचं तिचं वय आता राहिलं नाही, आणि मेंढ्यांनी कुरण सोडलेलं नाही. विकलेले घोडे कुठं कुठं गेले ते मी विचारून विचारून काढलं आहे. दोघे ड्रेंटमध्ये एका शाळेत मुलांना पाठीवर घेतात. एक झेलंडला आहे, एक बेल्जियममध्ये. म्हातारी घोडी हारलेमजवळ एका डॉक्टरीणबाईकडं आहे, तिथं जाऊन कुंपणाबाहेरून पाहूनही आलो. पोट सुटलंय, केस चांगले आहेत. प्रत्येकाचा पत्ता मला सांगता येईल. सकाळी त्यांचे पाय कोण बघतं, ते मात्र मला ठाऊक नाही.